दहा सेंटांत तीन राजे

नेवेंकाने लॅपटॉपचं झाकण इतक्या जोरात आपटलं की छताची चिमूटभर लाल माती सुटून कॉफीच्या कपात पडली. डोंगर कोरून घर केलं की असं होतं, रागसुद्धा जपून करावा लागतो. बाहेर वाळवंटातल्या आमच्या खाणगावाचं, कूबर पीडीचं, ऊन सगळं भाजून काढत होतं, आत गारवा होता, आणि नेवेंकाचं डोकं मात्र बाहेरच्या पत्र्यासारखं तापलं होतं.

"तीन राजे होते माझ्याकडे," ती भिंतीला म्हणाली. "तीन! आणि तो टँकरवाला पैसे घेऊन गेला."

उन्हाळ्यात आमच्या गावात सकाळी उशिरापासून संध्याकाळपर्यंत कोणी घराबाहेर डोकं काढत नाही. पूर्वी क्लबात पत्त्यांचे डाव पडायचे. आता क्लबातल्याच मंडळींनी कॉम्प्युटरवर स्वतःचं एक पोकरचं टेबल केलंय, आणि जो तो आपापल्या बिळात बसून खेळतो. खेळ सेंटांचा. दुपारभर हरलेला माणूस फार तर एका बिअरला मुकतो. पण हरण्याचा राग कुठे किमतीवर असतो? दोन सेंट गेले म्हणून शेजाऱ्याशी महिनाभर न बोललेली माणसं आहेत आमच्यात.

त्या दुपारी नेवेंकाच्या हातात दोन राजे आले होते. मधे सगळ्यांसाठी तीन पानं उघडली, त्यात चौकटचा राजा, आणि बदामाची सत्ती-चौकी. म्हणजे तीन राजे झाले. याहून चांगलं त्या घडीला कोणाकडे काही असणं शक्यच नव्हतं. मधे साठ-सत्तर सेंट जमले होते. नेवेंकाने हळूच दहा सेंट सरकवले. जास्त लावले तर सगळे घाबरून पळतील, असा तिचा हिशेब. बाकीचे तरीही गळाले, टँकरवाला डेस राहिला. पुढचं पान फुकट गेलं. तिने पुन्हा दहा सेंट लावले. शेवटचं पान बदामाची नव्वी आलं, आणि डेसने एकदम दोन डॉलर पुढे ढकलले. नेवेंकाने भरले. डेसच्या हातात दोन फुटकळ बदामं होती. मधली तीन धरून पाच झाली आणि तिचे तिन्ही राजे आडवे पडले.

कपातली माती चमच्याने काढत असतानाच फोन वाजला.

"काय नेव्ह, राजे होते ना?" डेस विचारत होता. डेस व्हेलन गावभर पाण्याचा टँकर फिरवतो. खाण त्याने आयुष्यात कधी खणली नाही.

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही करायचं बाई, आभार मानायला फोन केला. दहा सेंटांत कोणी कोणाला बदामाची वाट बघू देतं का? एवढ्या स्वस्तात तर मी मेलेल्या आजीचीसुद्धा वाट बघितली असती."

"साठ मागितले असते तर तू पळाला असतास."

"कोण, मी? मला पानं टाकून पळताना बघितलंयस कधी? अगं, या टेबलावर पळतंय कोण! सगळे बघायलाच बसलेत. साठ मागितले असतेस तरी मी दिले असते, आणि तो बदाम येतो पाचात एकदा. उरलेल्या चार वेळा तू माझी चड्डीसुद्धा नेली असतीस."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"वा! सांगू कशाला? तुम्ही खाणवाले म्हणजे माझं पेन्शन. हातात काही नसलं की बोंबाबोंब, आणि असलं की मांजराच्या पावलांनी चालता. एकजात सगळे! तुझा तो भागीदार बार्तुल तर बघायलाच नको."

नेवेंकाने फोन ठेवला, म्हणजे आपटलाच. राग डेसचा नव्हता. डेस खरं बोलला होता, त्याचा होता.

कारण आमच्या गावाची रीतच ती आहे. खाणीत ओपलचा, म्हणजे रंग खेळवणाऱ्या महागड्या खड्याचा, रंग लागला की माणूस मुका होतो. फाटका सदरा घालून क्लबात येतो, दुसऱ्याकडे सिगारेट मागतो, "कसलं काय, पांढरे खडे नुसते," म्हणतो. नाही तर उंदीर येतात. उंदीर म्हणजे दुसऱ्याच्या खाणीत चोरून उतरणारे. ज्याला रंग लागल्याची कुणकुण, त्याची खाण सकाळी पोखरलेली. उलट जो चारजणांना बिअर पाजतो आणि "खाली लाखो आहेत रे, लाखो!" म्हणून टेबलावर मुठी आपटतो, त्याच्याकडे डिझेलचेही पैसे नसतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, आमच्याकडे मुठी झाकता झाकता बोटं वाकडी झालीत. आधी चोरापासून झाकायचं, मग शेजाऱ्यापासून, मग भागीदारापासून. शेवटी एवढी सवय लागते की घरच्या बायकोलाही तोच हात दाखवायचा. मला या गावाचा राग येतो तो याच्यासाठी, उन्हासाठी आणि माशांसाठी नाही.

नेवेंका दूर समुद्रापलीकडच्या डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरची, आमच्यातल्या बहुतेकांसारखी. बापाची मासेमारीची होडी होती. यूरेशी लग्न करायला ती इथे आली तेव्हा एकविशीची होती, आणि बसमधून उतरल्यावर पहिला प्रश्न तिने विचारला तो, "समुद्र कुठल्या बाजूला आहे?" यूरे पोट धरून हसला होता. त्याच्या शेजारी उभा राहून त्याच्याहून मोठ्याने हसणारा माणूस होता बार्तुल.

बार्तुल हा त्यांचा कूम. लग्नात वेदीपाशी साक्षीला उभा राहिला तो, पुढे मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर धरलं ते त्यानेच. आमच्या लोकांत हे नातं रक्ताच्या वर. "आकाशात देव, जमिनीवर कूम," असं जुनी माणसं सांगतात. कूम चुकला तरी त्याला विचारायचं नाही, कुमावर संशय घेतला तर जिभेला फोड येतात. तो तिला "कुमा" म्हणायचा आणि ती त्याला "कुमे". एवढ्या वर्षांत त्याने तिचं नाव म्हणून कधी घेतलं नाही.

खाणीचा पट्टा दोघा मित्रांच्या नावावर होता, अर्धा अर्धा. दोघे खणायचे आणि नेवेंका घासायची. घराच्या मागच्या खोलीत तिचं चाक होतं. त्यावर ती खडे कापून, घासून, झळाळी आणून द्यायची, यूरेचेही आणि बार्तुलचेही. तिचा हात गावात नावाजलेला. बाहेरच्या माणसाकडून तिने कधी निम्मे पैसे घेतले असतील, बार्तुलकडून एक छदामही नाही. "कुमा, तुझ्या हाताला देवाने सोनं दिलंय," तो म्हणायचा आणि खडे खिशात टाकून जायचा. देवाने दिलं होतं, यानं काय दिलं?

आणि यूरे? यूरेला एकदा चांगला रंग लागला होता. त्याने आठ महिने बायकोला सांगितलं नाही. त्या आठ महिन्यांत ती मोटेलात परक्यांच्या चादरी धूत होती. कळलं तेव्हा यूरे म्हणाला, "तुझ्या तोंडावर दिसलं असतं गं." तिने तवा फेकला, तो दाराला लागला. दारावरचा खड्डा अजून आहे. यूरे तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला आणि त्याचा अर्धा पट्टा तिच्या नावावर आला. तेव्हापासून बार्तुल एकटाच खणत होता आणि निघेल त्यातलं अर्धं तिला आणून देत होता, म्हणजे असं तो म्हणत होता.

तर, त्या तीन राजांनंतर नेवेंका बदलली. दुसऱ्या दिवशी हातात दोन एक्के आले तेव्हा तिने मधे होते तेवढे सगळे लावले. वाटलं, आता सगळे पळतील, आणि वर म्हणतील, बघा कशी हावरट बाई! कोणी पळालं नाही. दोघांनी भरले. पुढच्या पानावर तिने दुप्पट मागितले, तरी एकाने भरले, आणि शेवटी चौकीची जोडी दाखवली. चौकीची जोडी! एवढ्यावर माणूस खिसा उलटा करतो, आणि आपण इतकी वर्षं त्याच्याकडे दहा सेंट मागत होतो.

माणूस जिंकला की खूष होतो, ही बाई जिंकेल तशी जास्त चिडत गेली. प्रत्येक गल्ला ओढताना तिला एकेक जुनं आठवायचं. तो हिरवा खडा, जो तिने अख्खा आठवडा घासला आणि बार्तुलने "राहू दे गं, घरचंच आहे" म्हणून नेला. त्या चादरी. तो व्यापारी, ज्याने किंमत विचारल्यावर ती म्हणाली होती, "तुम्हीच सांगा." तुम्हीच सांगा! आठवलं की ती ओट्यावर मूठ मारायची.

बार्तुलचा फोन आला. "कुमा, हे काय चालवलंयस? आपसांत खेळतोय आपण. जरा माणुसकी ठेव."

"पानं टाकून द्यायची होतीस, कुमे."

"तसं नाही गं, पण बाईमाणसाला शोभतं का असं सगळं एकदम पुढे ढकलणं?"

त्या दिवसापासून ती बार्तुलकडे लक्ष ठेवून खेळायला लागली. आणि डेस म्हणाला होता तेच दिसलं. हातात काही नसलं की बार्तुल दोन दोन डॉलर फेकायचा, वर पडद्यावर गप्पांच्या जागेत लिहायचा, "या रे, कोणाची छाती आहे!" आणि हात भरलेला असला की वीस सेंट, लाजत लाजत, एखाद्या मुंजीच्या मुलाने भिक्षा मागावी तसा. पत्त्यांतच कशाला, जन्मभर तो असाच. खाण रिकामी गेली की हाच यूरेच्या दारात येऊन ओरडायचा, "आणखी दोन मीटर, यूरे! लाखो आहेत!" आणि यूरे बिचारा गाडी विकून डिझेल आणायचा.

एका गुरुवारी बार्तुल घरी आला. हातात टोमॅटोची पेटी, टोपी काढलेली. खुर्चीच्या टोकावर बसला आणि कॉफी संपेपर्यंत पायांकडे बघत राहिला.

"कुमा," तो म्हणाला, आणि आवाज इतका खाली की नेवेंकाने पंखा बंद केला. "संपलं गं ते. पांढऱ्या खड्यांशिवाय काही नाही आता. तू कशाला त्या कागदपत्रांच्या आणि फीच्या भानगडीत राहतेस या वयात? तुझा अर्धा मी घेतो. तीन हजार देतो. नुकसानच आहे माझं, पण यूरेच्या आत्म्यासाठी."

"बघते, कुमे," नेवेंका म्हणाली.

तो गेला. नेवेंका दारातच उभी राहिली. बघते, कुमे! पुन्हा दहा सेंट! तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आणि मग, टोमॅटो टोपलीत काढताना, तिचा हात थांबला. हा माणूस यूरेच्या मयतात शवपेटीच्या किमतीवरून भांडला होता, चर्चच्या दारात, सगळ्यांना ऐकू जाईल असा. खाण खरोखर संपली असती तर त्याने आकाशपाताळ एक केलं असतं, सरकारला, खडकाला, यूरेच्या नशिबाला शिव्या घातल्या असत्या. आणि आज कुजबुजतोय? तीन हजार, टोपी काढून?

"भरलाय मेल्याचा हात," ती टोमॅटोंना म्हणाली.

शुक्रवारी बार्तुल यंत्राच्या सुट्या भागासाठी पोर्ट ऑगस्टाला गेला. नेवेंकाने यूरेची जुनी गाडी काढली, डोक्याला दिवा बांधला आणि खाणीवर गेली. बासष्टीची बाई, एक गुडघा कामातून गेलेला. शिडीच्या प्रत्येक पायरीवर तिने बार्तुलच्या एकेका पूर्वजाचा उद्धार केला, आणि शिडी लांब होती.

खाली गेल्यावर आधी काही दिसलं नाही. बोगदे, राडा, पांढरे खडे, सगळं तो म्हणाला तसंच. ती परत फिरणार होती. पण यूरेच्या जुन्या बोगद्याच्या टोकाला भिंतीचा एक पट्टा जरा जास्त गुळगुळीत वाटला. खडकाची भिंत छिन्नीने ओरबाडलेली असते, ही हाताने सारवलेली होती. ओल्या मातीचा हात फिरवलेला, बोटांच्या रेघा सुकून राहिलेल्या. नेवेंकाने नखाने माती उकरली, अंगठा तोंडात घालून ओला केला आणि त्या जागेवर चोळला.

हिरवा, मग तांबडा, मग दोन्ही एकत्र, कोंबड्याच्या मानेवरच्या पिसांसारखे. तिने आणखी माती काढली. रंग पुढे जातच होता, डावीकडे, खांद्यापर्यंत, खांद्याच्याही पुढे.

नेवेंका तिथेच खाली बसली आणि रडली. आनंदाने नाही. दगडासाठीही नाही. ज्या हातांनी तिची मुलगी देवासमोर धरली होती, त्याच हातांनी ही माती सारवली होती, आणि बोटांच्या रेघा समोर होत्या. चोर असता तर तिने शिव्या देऊन मन मोकळं केलं असतं. कुमाला कुठली शिवी द्यायची, तेच तिला येत नव्हतं. मग डोळे पुसून तिने यूरेची छोटी कुदळ घेतली आणि एक तुकडा काढला, बोराएवढा. स्वतःच्या अर्ध्यातला.

शनिवारभर चाक फिरत होतं. चाकावर बसल्या बसल्या तिच्या मनात जुनी सवय गुरगुरत होतीच. गप्प बस, माती परत सारव, बार्तुलला गोड बोलून तीन हजारांचे दहा कर, दहाचे पंधरा. कोणाला कळता कामा नये, उंदीर येतील. नेवेंका तो खडा दिव्याखाली फिरवत राहिली आणि तिला कळलं, की हा सल्ला कोणाचा आहे. तो यूरेचा होता, बार्तुलचा होता. ज्यांना ज्यांना झाकल्या मुठीतून आयतं मिळालं, त्या सगळ्यांचा होता. तिला त्यातून आजवर चादरी मिळाल्या.

रविवारी प्रार्थना झाल्यावर क्लबात जेवण असतं. सळईवर भाजलेलं कोकरू, कोबी, पाव, लांबच लांब टेबल. बार्तुल मधे बसून हाड चोखत होता. डेस आमच्यातला नव्हे, पण कोकराच्या वासाला तो कुठल्याही धर्मात येतो. नेवेंका आली, बार्तुलच्या समोर उभी राहिली, आणि तिने तो घासलेला खडा त्याच्या ताटाशेजारी ठेवला, उघड्यावर, दिव्याखाली.

आमच्या गावात उघड्या टेबलावर खडा कोणी ठेवत नाही. बाई भर सभेत कपडे उतरवील, पण हे करणार नाही. सुऱ्या-काटे थांबले. एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला.

"हा आमच्या पट्ट्यातला," नेवेंका म्हणाली. आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. "बार्तुलच्या आणि माझ्या. रंग लागलाय आम्हाला. सगळ्यांनी ऐकून ठेवा."

बार्तुल खुर्ची पाडून उठला. "खोटं! सपशेल खोटं! काही नाही तिथे! कचरा आहे, कचरा! बाईला वेड लागलंय! माझ्या आईची शपथ घेऊन सांगतो—"

"बार्तुल ओरडतोय रे," टेबलाच्या टोकाकडून डेस पावाचा तुकडा मोडत म्हणाला. "म्हणजे हातात काही नाही."

आधी एकजण हसला, मग सगळं टेबल. कितीतरी दुपारी त्याच्याबरोबर खेळलेली माणसं ती. प्रत्येकाला बार्तुलचं ओरडणं किती सेंटांचं ते पाठ होतं.

बार्तुल खाली बसला. इकडे तिकडे बघितलं, मग नेवेंकाकडे वाकला आणि ओठ न हलवता पुटपुटला, "कुमा, बाहेर बोलू. दहा हजार."

"दहा हजार म्हणतोय!" नेवेंकाने सगळ्यांना सांगितलं. "गुरुवारी तीन म्हणत होता. यूरेच्या आत्म्यासाठी!"

"वीस. अगं हळू बोल ना बाई, उंदीर ऐकतील."

"उंदीर समोरच बसलाय माझ्या, कोकरू खातोय. त्याने ऐकलं की पुरे."

आता कोणी हसलं नाही. बार्तुलचं तोंड पांढरं पडलं. "यूरेला काय वाटलं असतं, विचार कर जरा."

"यूरे तुझ्याच पंगतीतला. त्याने आठ महिने लपवलं, तू किती लपवलंस ते तुझं तुला ठाऊक. माझं ऐक आता. माझ्या अर्ध्याचे तीन लाख. आहेत?"

"तीन लाख! डोकं फिरलंय तुझं! कोणाकडे असतात तीन लाख?"

"नाहीत ना? मग उद्या सकाळी तू खाली, मी वर, रहाटावर. एकेक बादली माझ्या डोळ्यांसमोर उपसायची, माझ्या चाळणीतून जायची, आणि अर्धं तिथल्या तिथे. घासणावळ वेगळी, आजवरची सोडली, पुढची नाही सोडणार. पटत नसेल तर टाक पानं. तुझा अर्धा सोड आणि जा घरी."

ती थांबली. घाई नव्हती तिला. बार्तुलने तो खडा बघितला, आणि भिंतीत त्याच्यामागे किती आहे हे त्या खोलीत तिच्याखेरीज फक्त त्यालाच माहीत होतं. एवढा भरलेला हात टाकून देणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

"उतरतो," तो म्हणाला.

"आणि आजपासून मला कुमा म्हणू नकोस."

हे मात्र टेबलाला सहन झालं नाही. "असं बोलतात का गं बाई? देवासमोरचं नातं ते!" क्रूस काढणारी म्हातारी म्हणाली. कोणीतरी नेवेंकाचा हात धरून तिला खाली बसवायला गेलं. तिने हात झटकला.

"देवासमोरचं नातं आणि मातीचा हात भिंतीवर," ती म्हणाली. "त्याला विचारा ना! मलाच काय विचारता सगळे?"

बार्तुलला पैशांचं बोलणं लागलं होतं तसं हे लागलं नाही. हे खोल गेलं. त्याने टोपी उचलली आणि तो गेला. ताटात अर्धं हाड राहिलं.

सोमवारी सकाळी खाणीवर जत्रा भरली होती. रंगाची बातमी उघड्यावर फुटल्याचं गावाने कधी बघितलं नव्हतं, म्हणून लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते, आणि डेस टँकर घेऊन. एवढ्या डोळ्यांदेखत कुठला उंदीर येतोय? उन्हाच्या आत उरकायचं म्हणून नेवेंकाने लवकर सुरुवात केली. रुंद टोपी, यूरेचे हातमोजे, पायांशी चाळणी आणि पाण्याचं पिंप. बार्तुल तिच्याकडे न बघता शिडीने उतरला. त्याचं डोकं दिसेनासं झाल्यावर तिने रहाट हातात घेतला.

पहिल्या बादल्या मातीच्या आल्या. "काही नाही!" खालून आरोळी यायची. "रिकामी आहे! सांगितलं होतं!" नेवेंका प्रत्येक बादली उपडी करायची, बोटांनी चाळायची, पाणी मारायची. खरंच रिकामी. पुन्हा बादली खाली. तिचे खांदे भरून आले, पण ती कोणाला रहाटाला हात लावू देईना. आत अजून राग होता, आणि त्याच रागावर बादल्या वर येत होत्या.

मग खालचं खणणं थांबलं. आरोळ्याही थांबल्या. खुर्च्यांवरची माणसं पुढे सरकली. नेवेंकाने खाणीच्या तोंडाशी कान नेला.

"ने..." खालून आवाज आला, इतका हळू की आधी तिला वाटलं दगड घसरला. मग पुन्हा. "नेवेंका."

लग्नापासून आजवर त्याने हे नाव उच्चारलं नव्हतं. तिचा हात दोरावर क्षणभर तसाच राहिला.

"नेवेंका, थोडंसं काहीतरी आहे. विशेष काही नाही."

नेवेंकाने कमरेवर हात ठेवले, पट्ट्यांच्या पार पलीकडे जाईल एवढा आवाज काढला आणि ओरडली, "विशेष काही नाही म्हणतोय! डेस, टँकर पुढे घे. पिंपभर पाण्यात आज भागायचं नाही."